वायफायची खूण पूर्ण, तरी नेट बंद: पुन्हा पुन्हा येणारा दोष कुठे शोधायचा

मोबाइलवर वायफायची खूण भरलेली असते, तिच्याजवळ बारीक उद्गारचिन्ह असतं आणि पाठवलेला निरोप घड्याळाच्या चिन्हावर अडकून बसलेला असतो. केबलवाल्याला फोन लावला की उत्तर ठरलेलं: डबा बंद करून चालू करा. केला की चालतं. चार दिवसांनी पुन्हा तेच. हे लिखाण त्या परत येणाऱ्या दोषासाठी आहे, घरासाठी आणि गावातल्या सेवा केंद्रासाठी, दुकानासाठी आणि अभ्यासिकेसाठीही.

आधी आपलं लक्षण यातलं कोणतं ते ठरवा. निम्मी तपासणी त्यावरच गळून पडते.

- लाईट जाऊन आली की नेट येत नाही. डबा पुन्हा बंद-चालू केल्यावर येतं.
- सकाळी आलेल्यांचं चालतं, दुपारी आलेल्यांचे फोन जोडलेच जात नाहीत.
- एकाच घरात काही फोन चालतात, काही नाही. आणि उद्या वेगळेच फोन अडतात.
- फोनवर चालतं, संगणकावर नाही.
- व्हॉट्सॲप चालतं, पण ब्राउझर "हे कनेक्शन खाजगी नाही" असं काहीतरी म्हणतो.
- उन्हाळ्यात भर दुपारी बंद, दिवस मावळला की आपोआप चालू.
- दर थोड्या वेळाने दहा-वीस सेकंद तुटतं.
- डब्यावर "लॉस" नावाचा लाल दिवा लागलेला आहे. (तुमचं हे लक्षण असेल तर सरळ शेवटच्या तपासणीवर जा.)

खूण नेमकं काय सांगते

वायफायची खूण एवढंच सांगते की फोन आणि राउटर एकमेकांशी बोलताहेत. त्यापलीकडचं तिला काही कळत नाही. पुढचा रस्ता असा असतो: राउटरपासून फायबरचा डबा, म्हणजे ओएनयू (बऱ्याच घरांत राउटर आणि ओएनयू एकाच डब्यात असतात), तिथून खांबांवरून गेलेली फायबर, मग ऑपरेटरची खोली, आणि मग बाहेरचं इंटरनेट. दोष बहुतेक वेळा यातल्या एकाच टप्प्यात असतो. वेळ जातो तो टप्पा ओळखण्यात. दुरुस्ती पुष्कळदा दोन मिनिटांची असते.

एक ताकीद आताच. डब्याच्या मागे टाचणीएवढं भोक असतं, त्यावर "रिसेट" लिहिलेलं असतं. त्यात टाचणी खुपसून दहा सेकंद दाबलं की सगळी सेटिंग पुसली जाते: वायफायचं नाव, पासवर्ड, आणि ऑपरेटरने भरलेलं युजरनेम सुद्धा. मग साधा दोष राहतो बाजूला आणि माणूस घरी येईपर्यंत पूर्ण बंद. बंद-चालू करणं वेगळं, रिसेट वेगळं. रिसेटला हात लावायचा नाही.

१. दोष खरंच आपल्याकडचा आहे का

याला पैसा लागत नाही, दोन मिनिटं लागतात, तरी बहुतेक जण हीच पायरी गाळतात.

मोबाइलचा डेटा आधी बंद करा. वायफायवर नेट नसलं की बरेच फोन गुपचूप सिमच्या डेटावर जातात आणि "माझ्या फोनवर तर चालतंय" असा घोळ होतो. डेटा बंद केल्याशिवाय पुढची कोणतीही चाचणी खरी मानू नका.

मग पाहा: एकच संकेतस्थळ बंद आहे की सगळी? पीक विम्याची मुदत संपत आली, निकालाचा दिवस असला, भरतीच्या अर्जाची शेवटची रात्र असली की त्या पोर्टलचा सर्व्हरच दमलेला असतो. केंद्रासमोर रांग उभी असते म्हणून घाईघाईने राउटर बंद-चालू केला जातो, आणि अर्धवट भरलेला अर्ज त्यात वाया जातो. दुसरं कोणतंही संकेतस्थळ झटकन उघडत असेल तर तुमच्या जाळ्यात दोष नाही. पहाटे किंवा रात्री उशिरा अर्ज भरा.

एकाच यंत्रावर अडतंय की सगळ्यांवर? नेहमी त्याच एका यंत्रावर अडत असेल तर राउटर, फायबर, ऑपरेटर हे तिघेही बहुतेक सुटले. दोष त्या यंत्रात आहे आणि तुम्ही ४ ते ६ क्रमांकाच्या तपासण्या त्याच यंत्रावर करायच्या. काहींवरच आणि रोज वेगळ्यांवर अडत असेल तर तपासणी ९ पाहा. सगळ्यांवर अडत असेल तर क्रमाने पुढे चला.

आणि रिचार्ज. प्लॅन संपला की वायफायची खूण तशीच राहते, कारण ती राउटरची आहे. पुष्कळ ऑपरेटर अशा वेळी पैसे भरण्याचं पान दाखवतात, पण ते ब्राउझरमध्येच दिसतं. ॲपमध्ये नुसतं गोल फिरत राहतं. म्हणून ब्राउझर उघडूनच पाहायचं. डेटाची मर्यादा संपली असेल तर नेट बंद होत नाही, रांगायला लागतं.

२. बंद-चालू करायचंच तर क्रमाने

ओएनयू आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींचे खटके बंद करा. अर्धा मिनिट थांबा; आतल्या कपॅसिटरमधली वीज उतरायला आणि चिप खरोखर बंद व्हायला तेवढा वेळ द्यावा. आधी ओएनयू चालू करा. त्याचा "पॉन" दिवा (फायबरची जोडणी दाखवणारा) लुकलुकायचा थांबून स्थिर होईपर्यंत, साधारण दोन मिनिटं, राउटरला हात लावू नका. मग राउटर. मग संगणक.

क्रमाचं कारण असं. लाईट येते तेव्हा सगळी यंत्रं एकदम उठतात. राउटर आपलं युजरनेम-पासवर्ड ऑपरेटरकडे पाठवतो (या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात), पण ओएनयू अजून जागा झालेला नसतो, त्यामुळे ते कुठेच पोहोचत नाही. चांगला राउटर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. काही स्वस्त राउटर काही प्रयत्नांनंतर गप्प बसतात. दुसरी शक्यता म्हणजे ऑपरेटरच्या सर्व्हरवर तुमचं जुनं लॉगिन अजून उघडंच असतं आणि तो नवं घेत नाही. अशा वेळी पाच-दहा मिनिटं थांबणं हाच उपाय आहे. दर मिनिटाला खटका दाबत राहिलात तर ते लांबतच जातं.

दिवसातून तीन-चार वेळा लाईट जाणाऱ्या गावात हे लक्षण कायमचं घालवायचं तर ओएनयू आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर हवेत. फक्त राउटर इन्व्हर्टरवर आणि ओएनयू साध्या बोर्डावर, अशी जोडणी सर्रास दिसते. तिचा उपयोग एवढाच की वायफायची खूण जात नाही. इन्व्हर्टरवर असूनही लाईट जाताना डबा पुन्हा सुरू होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण पाहा: "यूपीएस" आणि "इन्व्हर्टर" असे दोन पर्याय असतात. यूपीएसवर ठेवलं की बदल जास्त लवकर होतो. इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्टच्या राउटरसाठी तेवढ्याच व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना दोन्ही डब्यांच्या ॲडॅप्टरवरचे अँपिअर मिळवून पाहा.

३. दिवे वाचा

पॉवर स्थिर, पॉन स्थिर आणि "लॉस" बंद असेल तर प्रकाश तुमच्या घरापर्यंत येतोय. पॉन लुकलुकतोय म्हणजे ओएनयू समोरच्या यंत्राशी नातं जुळवायचा प्रयत्न करतोय आणि जमत नाहीये. "लॉस" लाल म्हणजे प्रकाशच येत नाही. पॉन नीट असून "इंटरनेट" दिवा बंद किंवा लाल असेल तर फायबर ठीक आहे, लॉगिन अडलंय: रिचार्ज, युजरनेम, किंवा ऑपरेटरचा सर्व्हर.

दिव्यांचा फोटो काढून ठेवा. पुढे कामाला येतो.

४. यंत्राला कोणता पत्ता मिळालाय

जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता लागतो. तो वाटण्याचं काम राउटर करतो. त्या कामाला डीएचसीपी म्हणतात. राउटरचा स्वतःचा पत्ता म्हणजे गेटवे, घरातून बाहेर पडण्याचं दार.

विंडोजमध्ये "सीएमडी" (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्या (टाइप अर्थातच इंग्रजीत, आकडेही इंग्रजी). अँड्रॉइडवर वायफायच्या नावावर जाऊन तपशील उघडला की आयपी पत्ता आणि गेटवे दोन्ही दिसतात. ते कागदावर लिहा.

पत्ता १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असेल तर वाटप झालंय. हे खाजगी पत्ते आहेत, फक्त घरापुरते; तुमच्याकडे १९२.१६८.१.५ असेल आणि शेजाऱ्याकडेही तोच असेल तरी काही बिघडत नाही.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाला कोणीच पत्ता दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतलाय. या पत्त्यावर इंटरनेट कधीच चालणार नाही. लाईट आल्यावर संगणक राउटरच्या आधी उठला की हमखास असं होतं. विंडोज पाच-पाच मिनिटांनी पुन्हा मागणी करतं, पण थांबायची गरज नाही: वायफाय बंद-चालू करा, किंवा केबल काढून लावा. तरीही १६९ च आला तर केबल, राउटर, किंवा पत्त्यांचा साठा संपणं यातलं एक आहे. अँड्रॉइड असा पत्ता दाखवत नाही. तो "आयपी पत्ता मिळवत आहे" वर अडून राहतो.

५. तीन पिंग

सगळ्या तपासण्यांत जास्तीत जास्त माहिती देणारी ही आहे. पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला हाक मारणं आणि उत्तराला किती मिलिसेकंद लागले ते मोजणं. सीएमडीमध्ये एकामागून एक तीन हाका मारा.

पहिली गेटवेला: पिंग १९२.१६८.१.१ (किंवा तुमच्या यंत्रावर जो गेटवे दिसला तो). केबलवर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आसपास येतं, वायफायवर दोन ते दहा. शंभराच्या वर उड्या मारत असेल, मध्येच "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" येत असेल, तर दोष तुमच्या खोलीतच आहे. ऑपरेटरला फोन करू नका. तपासणी ७ आणि ८ पाहा.

दुसरी ८.८.८.८ ला. हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरचा पत्ता आहे, लक्षात राहायला सोपा. गेटवे बोलतो पण हा बोलत नाही, म्हणजे दार ठीक आहे आणि बाहेरचा रस्ता बंद आहे. आता तक्रार ऑपरेटरकडे जाते (काहीच यंत्रांवर असं होत असेल तर आधी तपासणी ९ पाहा).

तिसरी एखाद्या नावाला, गूगल डॉट कॉमला. आकड्याला उत्तर येतं, नावाला नाही, तर दोष डीएनएसचा. तपासणी ६.

मधूनमधून तुटणाऱ्या नेटसाठी याचीच थोडी वेगळी रीत वापरा. सीएमडीच्या दोन खिडक्या उघडा. एकीत गेटवेला आणि दुसरीत ८.८.८.८ ला पिंग लावा, दोन्हींपुढे एक जागा सोडून उणे टी लिहा. त्याने पिंग थांबत नाही, चालू राहतं. काम करत राहा. नेट तुटलं की खिडक्या पाहा. दोन्ही थांबल्या तर दोष घरात, फक्त दुसरी थांबली तर बाहेर. कंट्रोल आणि सी दाबलं की किती हाका वाया गेल्या त्याची टक्केवारी मिळते. "सारखं जातंय हो" या तक्रारीपुढे ऑपरेटर खांदे उडवतो. "गेटवेला शून्य टक्के, बाहेर अकरा टक्के गळती" यापुढे त्याला माणूस पाठवावा लागतो.

६. नाव सापडत नाही, तारीख चुकली

संगणक नावाने चालत नाही, आकड्याने चालतो. नावावरून आकडा शोधून देणारा सर्व्हर म्हणजे डीएनएस. ऑपरेटरचा डीएनएस मधूनच झोपतो. मग आधीपासून चालू असलेली ॲप काही वेळ चालतात आणि नवी पानं उघडत नाहीत. वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस ८.८.८.८ आणि १.१.१.१ ठेवून पाहा. नंतर विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग, एक जागा, तिरपी रेघ (/) आणि फ्लशडीएनएस ही आज्ञा द्या, म्हणजे जुने साठवलेले आकडे पुसले जातील.

अँड्रॉइड ९ पासून "प्रायव्हेट डीएनएस" नावाची एक सेटिंग आहे. जाहिराती घालवायला कुठल्यातरी व्हिडिओवरून तिथे एखादं नाव टाकलेलं असतं, पुढे तो सर्व्हर बंद पडतो, आणि फोन "इंटरनेट नाही" म्हणत बसतो. एकच फोन अडलाय आणि बाकी सगळं ठीक आहे, तर इथे "ऑटोमॅटिक" करा. संगणकावर याच जातीचा दोष प्रॉक्सीचा, म्हणजे नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या सोयीचा: सेटिंगमध्ये प्रॉक्सी चालू राहिलेली असते. तुम्ही ती मुद्दाम लावलेली नसेल तर बंद करा.

जुन्या डेस्कटॉपवर तारीख पाहा. मदरबोर्डवर नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी असते, ३ व्होल्टची. ती संपली की लाईट गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते; तुमच्या संगणकाच्या मते ती अजून सुरूच झालेली नसते, म्हणून ब्राउझर पान उघडू देत नाही. नेट मात्र व्यवस्थित असतं, पिंग तीनही लागतात. तारीख दुरुस्त करून त्या दिवसाचं काम भागतं. बॅटरी बदलली की कायमचं. बॅटरी स्वस्तात मिळते, सपाट बाजू वर ठेवून बसवायची, आणि आधी संगणकाची वायर बोर्डातून काढायची.

७. भिंत, पत्रा आणि ऊन

वायफाय दोन पट्ट्यांत चालतं. २.४ गिगाहर्ट्‌झ लांब जातं, भिंती थोड्याफार ओलांडतं, पण गर्दीत अडकतं. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हरतं. माळवदाच्या जुन्या घरात दगडमातीची दीड-दोन फुटी भिंत असते. तिच्यापलीकडे ५ गिगाहर्ट्‌झची अपेक्षाच करू नका. पत्रा तर सिग्नल परतवूनच लावतो: राउटर पत्र्याच्या खोलीत आणि माणूस बाहेर ओसरीवर, तर दहा फुटांवरही खूण अर्धी होते. लोखंडी कपाट, आरसा, पाण्याची टाकी यांच्यामागे राउटर ठेवू नका.

फोनवर सिग्नल मोजणारं कोणतंही साधं ॲप चालेल. आकडे उणे असतात. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत निर्धास्त, उणे ७५ च्या खाली खूण दिसते पण पान अडकतं, उणे ८० ला नाद सोडा. गल्लीत राउटर जास्त असतील तर २.४ मध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत रिकामा चॅनेल घ्या. मधले आकडे घेऊ नका: शेजारचे चॅनेल एकमेकांवर चढतात, म्हणजे ३ घेतलात तर १ वाल्याचा आणि ६ वाल्याचाही त्रास तुम्हालाच.

आता उन्हाचं. घरगुती राउटरच्या कागदावर चालण्याचं तापमान बहुधा ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे सावलीतला पाराच ४२ च्या वर जातो. पत्र्याखाली भिंतीला ठोकलेल्या डब्याचं काय होत असेल ते सांगायला नको. तापलेली चिप आधी मंदावते, मग अडकते, मग डबा स्वतःच पुन्हा सुरू होतो. भर दुपारी बंद आणि संध्याकाळी चालू, या लक्षणाचं मूळ बहुतेक वेळा हेच. डबा पत्र्यापासून खाली, खिडकीच्या उन्हाबाहेर, चारही बाजूंनी वारा लागेल असा ठेवा. ओएनयूवर राउटर आणि त्यावर सेटटॉप बॉक्स अशी उतरंड रचू नका. त्यावर रुमाल तर अजिबात नको. कूलरच्या तोंडासमोर ठेवणं हाही उपाय नव्हे: ओलसर वाऱ्याने पोर्टमधले धातूचे काटे हिरवे पडतात आणि दोन उन्हाळ्यांत केबल ढिली लागायला लागते.

८. ॲडॅप्टर आणि केबल

राउटर दिवसातून अनेक वेळा आपोआप सुरू होतोय, दिवे सगळे एकदम विझून पुन्हा लागताहेत, आणि ऊन नाहीये, तर ॲडॅप्टरवर संशय घ्या. तो पूर्ण मरत नाही, थकतो. मोकळा मोजला तर मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दाखवतो, पण राउटरने ओढ घेतली की दहावर येतो. म्हणून मोजण्यापेक्षा बदलून पाहणं खात्रीचं. बदलताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: व्होल्ट अगदी तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेचं टोक, म्हणजे मधला धन की ऋण, छापील आकृतीप्रमाणे. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा ॲडॅप्टर "बसतोय" म्हणून लावला की राउटर गेला.

केबलची परीक्षा सोपी आहे. पोर्टचा दिवा लागत नाही किंवा केबल हलवली की विझतो, तर दुसरी केबल लावा. आरजे४५ ची, म्हणजे केबलच्या टोकाच्या जॅकची, प्लास्टिकची खुटी तुटलेली असेल तर ती केबल बाद धरा. चिकटपट्टीने आवळून चालत नाही. नवा जॅक क्रिंप करायचा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवायचा, तर सर्वसाधारण क्रम असा, खुटी खाली आणि टोक समोर धरून डावीकडून: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. यातल्या १, २, ३ आणि ६ या चारच तारांवर १०० एमबीपीएस चालतं. १००० साठी आठही लागतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी तार आत तुटली तर नेट बंद पडत नाही, वेग १०० वर अडकतो, आणि मोठा प्लॅन घेऊन बसलेला माणूस ऑपरेटरला दोष देत राहतो. केबलची एकूण लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. गच्चीवरून केबल नेत असाल तर बाहेरच्या वापराची काळी घ्या. घरातली पांढरट केबल आपल्या उन्हात तडकते आणि पहिल्या पावसाचं पाणी आत शिरतं.

अवकाळीत गडगडाट सुरू झाला की ॲडॅप्टर बोर्डातून काढा आणि लॅनची, म्हणजे राउटर आणि संगणक यांमधली, केबलही काढा. फक्त खटका बंद करून भागत नाही. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण एका इमारतीतून दुसरीत गेलेली तांब्याची केबल नेते, आणि दोन्हीकडचे पोर्ट जाळून टाकते.

९. दोन राउटर आणि संपलेले पत्ते

"काही फोन चालतात, काही नाही, आणि रोज वेगळे" या लक्षणाने लोक सर्वांत जास्त हैराण होतात, कारण कोणताही डबा बिघडलेला नसतो.

मागच्या खोलीत सिग्नल मिळत नाही म्हणून कोणीतरी जुना राउटर आणतो, मुख्य राउटरच्या लॅन पोर्टातून केबल काढून नव्याच्या लॅन पोर्टात खोचतो. चालायला लागतं. पण आता एकाच जाळ्यात पत्ते वाटणारे दोघे झाले. फोनने पत्ता मागितला की जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता तो घेतो. मुख्य राउटरने दिला तर नेट चालतं. जुन्याने दिला तर गेटवे म्हणून तो स्वतःचंच नाव सांगतो, आणि त्याला तर बाहेरचा रस्ताच नाही. उद्या दुसऱ्या फोनचा नंबर लागतो.

ओळखायचं असं: चालणाऱ्या आणि अडलेल्या फोनचे गेटवे शेजारी लिहा. एकाचा १९२.१६८.१.१ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.१ असेल तर दुसरा वाटणारा सापडला. दोन्ही राउटरांचा पत्ता एकच असेल तर घोळ आणखी वाढतो. तेव्हा मुख्य राउटर बंद करा आणि मुख्य राउटरला नव्हे, जाळ्यातल्या दुसऱ्या डब्याला केबलने जोडलेल्या संगणकावरून गेटवेला पिंग करा. तरीही उत्तर आलं, तर ते दुसऱ्याचं आहे.

उपाय: जुन्या राउटरला एकटा संगणक केबलने जोडा, ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकून त्याच्या सेटिंगच्या पानावर जा (पत्ता खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो), त्याचा लॅन पत्ता मुख्य राउटरच्या रांगेतला पण वेगळा करा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, आणि डीएचसीपी बंद करा. मग लॅन ते लॅन जोडणी बिनधास्त चालते. राउटरमध्ये "ॲक्सेस पॉइंट मोड" (फक्त वायफाय पसरवायचं, पत्ते वाटायचे नाहीत) असेल तर ती एक कळ हे सगळं करते.

अभ्यासिकेतला दोष जवळचाच. राउटरकडे वाटायचे पत्ते मोजके असतात. बऱ्याच राउटरांत १०० ते १९९ असे शंभर ठरवून दिलेले असतात. साठ मुलं, प्रत्येकाचा फोन, निम्म्यांचे लॅपटॉप, म्हणजे नव्वद इथेच झाले. दुसऱ्या पाळीची मुलं येतात तेव्हा पहिल्यांचे पत्ते मोकळे झालेले नसतात, कारण पत्ता ठरलेल्या मुदतीने दिलेला असतो आणि काही राउटरांत ती मुदत २४ तास असते. मुलगा घरी गेला तरी त्याचा पत्ता अडकून राहतो. साठा २० ते २५० करा, मुदत एक-दोन तासांवर आणा. सबनेट मास्क (जाळं किती मोठं ते ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५५.० असताना एका जाळ्यात २५४ च्या वर पत्ते बसतच नाहीत. पण खरं सांगायचं तर साठ माणसांसाठी एक घरगुती राउटर ही काटकसर नव्हे, रोजचं भांडण आहे. तिथे छताला लावायचे दोन ॲक्सेस पॉइंट हवेत.

प्रिंटरला हाताने पत्ता दिला असेल तर तो या साठ्याच्या बाहेरचा द्या. नाहीतर राउटर तोच पत्ता कधीतरी एखाद्या फोनला देतो आणि दोघेही अडखळतात. नेटवर्क स्विच (एका केबलवर अनेक यंत्रं जोडून देणारा डबा) असेल तर आणखी एक नजर: एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचलेली नाहीत ना? झाडलोट करताना लोंबणारं टोक "निघालं वाटतं" म्हणून कोणीतरी लावतं, संदेश गोल गोल फिरायला लागतात, स्विचचे सगळे दिवे एकदम पिसाटासारखे लुकलुकतात आणि पूर्ण जाळं ठप्प होतं. टोक काढलं की क्षणात सुटतं.

१०. इथे थांबा

लॉसचा लाल दिवा लागला असेल तर एवढंच पाहा: फायबरची पातळ केबल कपाटामागे चेपली नाही ना, खिळ्याला करकचून वळली नाही ना. मूठभर गोलाईपेक्षा घट्ट वळण असेल तर हलकेच सैल करा. हिरव्या टोकाचा जोड ढिला असेल तर बाहेर न ओढता आत दाबा. पुढे हात आवरा. फायबरचं टोक डोळ्यासमोर धरू नका. त्यातला लेसर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, धूळ आणखी घासली जाते. तुटलेली फायबर चिकटपट्टीने जुळत नाही. ती खास यंत्राने, बहुधा वितळवून, जोडावी लागते.

ऊसतोडीच्या दिवसांत वरपर्यंत भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावरच्या केबल ओढून नेतात, वानरं चावतात. तुटकी केबल दारात लोंबत असेल तरी तिला बांबूने वर सारू नका आणि खांबावर चढू नका. ती महावितरणच्या खांबावरून आलेली असते, आणि फायबरला आधार म्हणून जोडलेल्या लोखंडी तारेत वीज उतरलेली असू शकते. मुलांना दूर ठेवा आणि फोन करा.

आणखी चार वेळा स्वतः थांबायचं. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता (ऑपरेटरकडून राउटरला मिळालेला) क्रमाने बंद-चालू करून अर्ध्या तासानंतरही ०.०.०.० च असेल तर. (तिथे १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर तो दोष नव्हे. ऑपरेटर एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटतो तेव्हा तसा दिसतो.) डब्यातून किंवा ॲडॅप्टरमधून जळका वास आला तर, तो पुन्हा लावून "बघायचा" नाही. जवळ वीज पडल्यानंतर डबा मेला असेल तर. आणि ओएनयूच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाचं माप उणे २७ डीबीएमच्या खाली गेलेलं असेल तर. उणे १५ ते २५ मध्ये असेल तोवर ठीक. २७ च्या पलीकडे नेट पावसात, वाऱ्यात तुटत राहतं आणि घरात काहीही बदललं तरी फरक पडत नाही.

फोन करताना "नेट बंद आहे" म्हणू नका. ग्राहक क्रमांक, कोणते दिवे कसे आहेत, किती वाजल्यापासून, सगळ्या यंत्रांवर की एकावर, गेटवे आणि ८.८.८.८ च्या पिंगचे आकडे, वॅनचा पत्ता आणि प्रकाशाचं माप, एवढं सांगा. "बंद-चालू करून बघा" हे पहिलं उत्तर आलं तर ते क्रमाने करून झालंय हेही तिथेच सांगा, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.